चार कोटींचा स्पीकर, बारा बाय पंधराची खोली

अमेरिकेतल्या विल्सन ऑडिओ या कंपनीने २०१६-१७ च्या सुमारास ‘वॅम मास्टर क्रोनोसॉनिक’ नावाचे स्पीकर आणले, तेव्हा एका जोडीची किंमत होती ६ लाख ८५ हजार डॉलर. त्या वेळच्या दराने चार कोटी रुपयांहून बरेच अधिक. एवढ्या पैशात कोल्हापूरच्या कसबा बावड्यात स्वतःला राहायला एक फ्लॅट, भाड्याने द्यायला आणखी दोन-तीन आणि दारात मोटार, असा सगळा संसार थाटून होईल. असा आकडा कानावर पडला की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक, ‘पैशाचा माज, दुसरं काय!’ आणि दुसरी, ‘असणारच काहीतरी त्यात, उगाच कोण एवढे देतंय!’ दोन्हींत विचार करण्याचा कंटाळा सारखाच आहे. विचारायला हवे ते एवढेच की किंमत चढत जाते तसा आवाजाचा दर्जा कुठपर्यंत तिच्याबरोबर चढतो आणि कुठे दम टाकतो. माझ्या मते तो बराच लवकर दम टाकतो, आणि त्याला अडवणारी भिंत अक्षरशः आपल्या बैठकीच्या खोलीची असते.

आधी किंमतीची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण स्पीकर बनवणे हे सोपे काम नाही. आजच्या बहुतेक स्पीकरांची मूळ रचना १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधल्या राइस आणि केलॉग या दोघांनी मांडली, ती तत्त्वतः अजून तीच आहे. लोहचुंबकाच्या फटीत तारेचे एक वेटोळे, त्याला चिकटवलेला शंकूच्या आकाराचा पडदा. वेटोळ्यातून विजेचा संदेश गेला की पडदा मागेपुढे हलतो आणि समोरची हवा ढकलतो. सगळी मेख त्या हवा ढकलण्यात आहे. घरगुती स्पीकरमध्ये जाणाऱ्या विजेतला जेमतेम एक टक्का भाग आवाज होऊन बाहेर पडतो, बाकीची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. त्यात खालचे सूर फार महाग पडतात. १०० हर्ट्झचा सूर ज्या जोराने वाजतो, त्याच जोराने ५० हर्ट्झचा वाजवायचा तर त्याच पडद्याला चौपट हेलकावा घ्यावा लागतो. २५ हर्ट्झसाठी सोळापट. म्हणून मोठा पडदा, जड चुंबक, लांब वेटोळे आणि मोठी पेटी लागते. लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकाच स्पीकरमध्ये मिळत नाहीत. दोन घ्या, तिसरी सोडा, असा निसर्गाचाच सौदा आहे. शिवाय पेटी स्वतः थरथरता कामा नये. ती थरथरली की तिचाही आवाज गाण्यात मिसळतो. म्हणून मॅजिकोसारखी कंपनी लाकडाऐवजी जाड ॲल्युमिनियमच्या पेट्या बनवते. शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ज्याने कास्टिंग आणि मशीनिंगचा हिशेब केला आहे, त्याला शंभर किलोची निर्दोष ॲल्युमिनियमची पेटी किती मशीन-तास खाते हे वेगळे सांगावे लागणार नाही. हा खर्च खरा आहे, त्यात फसवणूक नाही.

पण हा खर्च काही लाखांत संपतो. त्यापुढचे आकडे कुठून येतात? ‘वॅम’च्या फक्त ७० जोड्या बनवायच्या असे कंपनीने ठरवले होते. संशोधनाचा, साच्यांचा, जाहिरातीचा, देशोदेशीच्या विक्रेत्यांच्या कमिशनचा सगळा भार ७० गिऱ्हाइकांवर वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला डोंगर येतो. वर मोटारीला देतात तसा चमकदार रंग, हाताने केलेले पॉलिश, आणि दुर्मिळपणाची म्हणून वेगळी किंमत. गुजरीत कोल्हापुरी साज घेताना सराफ पावतीवर सोन्याचे वजन वेगळे लिहितो आणि घडणावळ वेगळी. कशाचे किती दिले हे घेणाऱ्याला स्वच्छ कळते. स्पीकरच्या पावतीवर अशा दोन ओळी नसतात. आवाजाचे किती आणि घडणावळीचे किती, हे गिऱ्हाइकाने स्वतःच शोधायचे.

शोधण्याची सोय मात्र झालेली आहे, आणि ती होऊनही काही दशके लोटली. कॅनडात ओटावा येथे राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळेत फ्लॉइड टूल नावाच्या शास्त्रज्ञाने एक साधी पण चिकाटीची गोष्ट केली. प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत स्पीकरची समोरून, बाजूंनी, वरून, खालून, मागून मोजमापे घ्यायची. मग तेच स्पीकर पडद्याआड ठेवून माणसांना ऐकवायचे आणि कुठला आवडला ते गुण देऊन सांगायला लावायचे. पडद्याआड काय आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसते. वर्षानुवर्षांच्या चाचण्यांतून जे निघाले ते जरा निराश करणारे वाटेल इतके साधे होते: समोरून सगळे सूर सारख्या पट्टीत देणारा आणि बाजूंनीही हळूहळू, गचके न खाता उतरत जाणारा स्पीकर बहुतेकांना आवडतो. पुढे शॉन ऑलिव्ह या संशोधकाने २००४ मध्ये ७० स्पीकरांच्या मोजमापांवरून ऐकणाऱ्यांची पसंती आधीच वर्तवणारे सूत्र मांडले. त्याचे भाकीत आणि माणसांनी दिलेले गुण यांचा सहसंबंध ०.८६ निघाला, १ असता तर तंतोतंत म्हणता आले असते. त्या सूत्रात खर्जाची खोली आहे, सुरांची सपाटी आहे, वळणांचा गुळगुळीतपणा आहे. किंमत नाही. ती घालण्याची गरजच पडली नाही. आणि ही सपाटी व हा गुळगुळीतपणा आजच्या संगणकीय आरेखनामुळे लाख-दोन लाखांच्या आतल्या जोडीतही साधता येतो, तर कधी कधी त्याच्या वीसपट किंमतीच्या जोडीत तो हरवलेला आढळतो.

पडदा काढला की काय होते, तेही याच दोघांनी १९९४ मध्ये तपासले. हर्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतल्याच ४० माणसांना चार स्पीकर ऐकवले, एकदा झाकून आणि एकदा उघडे. समोर दिसू लागताच गुण बदलले. मोठे, भारदस्त दिसणारे वर चढले आणि प्लास्टिकची छोटी, स्वस्त जोडी दणकून खाली घसरली. झाकून ऐकताना त्याच छोट्या जोडीला बरे गुण मिळाले होते. एवढेच नव्हे, स्पीकर खोलीत दुसऱ्या जागी हलवला की झाकलेल्या चाचणीत लोकांना जो फरक स्पष्ट ऐकू येत होता, तो उघड्या चाचणीत फारसा ऐकूच येईना. डोळ्यांनी निकाल आधीच दिला होता, कानांची साक्ष घेण्यात कुणाला रस राहिला नव्हता. आणि हे सगळे याच धंद्यातले लोक होते, ही गोष्ट मला त्या प्रयोगातली सर्वांत मोलाची वाटते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: सामान्य माणसाला फरक कळत नसेल, तयारीच्या कानाला कळतो. कोल्हापुरात हा आक्षेप विशेष वजनदार वाटतो, कारण देवल क्लबच्या बैठकींवर कान घडलेले रसिक या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. तयारीच्या कानाचे महत्त्व मीही मानतो. पण ऑलिव्हने २००३ मध्ये नेमकी हीच परीक्षा घेतली होती. २५६ अप्रशिक्षित श्रोते, त्यांत विक्रेते होते, समीक्षक होते, महाविद्यालयीन विद्यार्थी होते, आणि समोर १२ प्रशिक्षित श्रोत्यांचे पथक. प्रशिक्षितांनी अधिक नेमके आणि अधिक कडक गुण दिले, यात शंका नाही. पण चार स्पीकरांचा पसंतीक्रम साधारण तोच राहिला. तयारीचा कान वेगळा निकाल देत नाही, तोच निकाल अधिक ठामपणे देतो. दुसरा आक्षेप, यंत्राला सगळे मोजता येत नाही. मान्य. पण पडद्याआडची चाचणी यंत्र घेत नाही, माणसाचा कानच घेतो. फक्त त्याच्या डोळ्यांवर झापड असते. यंत्राच्या पलीकडचे असे काही महागड्या पेटीत असेल तर ते पडद्यातून आरपार ऐकू यायला काय हरकत आहे? तिसरा आक्षेप जरा टोकदार आहे: हे संशोधन करणारे दोघेही हर्मनच्या पगारावर होते. खरे आहे. मात्र टूलचे पायाभूत काम त्याआधीचे, सरकारी प्रयोगशाळेतले आहे. आणि हर्मन स्वतःही महागडे स्पीकर विकते, तेव्हा किंमत पाहून माणसे फसतात हा निष्कर्ष तिच्या गल्ल्याला काही फार सोयीचा नाही.

आता खोलीकडे येऊ, कारण खरा घोळ तिथे आहे. बावड्यातली बैठकीची खोली धरा बारा फूट बाय पंधरा, उंची दहा. फरशी गुळगुळीत, वर स्लॅब, चारी भिंतींना प्लास्टर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी लहर बरोबर मावते तो सूर त्या खोलीत फुगतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४५ मीटर धावतो. पंधरा फूट म्हणजे ४.५७ मीटर, त्यात मावतो ३८ हर्ट्झचा सूर. बारा फुटांत ४७ चा, दहा फूट उंचीत ५६-५७ चा, आणि मग त्यांच्या पटीतले. खोलीच्या मधोमध बसाल तर यातले मूळ सूर जवळजवळ नाहीसे होतात. भिंतीला टेकून बसाल तर तेच अंगावर येतात. दोन जागांत दहा-पंधरा डेसिबलचा फरक सहज पडतो. याउलट दोन चांगल्या स्पीकरांत जो फरक शोधायला पडदे लावावे लागतात तो एक-दोन डेसिबलचा असतो. साधारण २०० हर्ट्झच्या खाली अशा खोलीत स्पीकरपेक्षा खोलीचा शब्द चालतो, मग पेटी चाळीस हजारांची असो की चार कोटींची. महागडा स्पीकर इथे उलट अडचणीत येतो: तो खोल खर्ज जास्त ताकदीने देतो, आणि खोली तो जास्त ताकदीने बिघडवते.

वरच्या सुरांचे गणित वेगळे, पण निकाल तोच. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ मध्ये वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे एक कटकटीचे काम आले. फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेले कुणालाच कळत नव्हते, आवाज साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सबाइनने जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या बाकांवरच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, एकेक वाढवत घुमणे मोजायचे आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायच्या, असा उद्योग केला. त्यातून खोलीचे आकारमान आणि शोषणाचे क्षेत्रफळ यांचे जे सूत्र निघाले ते आजही वापरतात. आपल्या खोलीला ते लावून पाहा. आकारमान ५१ घनमीटर, सगळे पृष्ठभाग मिळून ८४ चौरस मीटर. रिकाम्या, प्लास्टर केलेल्या खोलीचे पृष्ठभाग सरासरी पाच टक्के आवाज शोषतात असे धरले तर आवाज जवळपास दोन सेकंद घुमतो. गाद्या, लोड, जाड पडदे, सतरंजी आणि पुस्तकांनी भरलेले उघडे कपाट यांनी तेच शोषण वीस टक्क्यांवर नेले तर अर्ध्या सेकंदावर येतो. कुठल्याही किंमतीचा स्पीकर बदलून एवढा फरक पडत नाही. बैठकीच्या गायकीला गादी-तक्क्यांची खोली मानवायची, त्यात ऐषआरामाच्या जोडीला हे भौतिकशास्त्रही होते, कुणी त्याचे नाव घेत नव्हते इतकेच. सबाइनच्या गाद्या उसन्या होत्या. आपल्या घरच्या आहेत.

आणि या खोलीत वाजणार काय?  शाहू महाराजांनी दरबारी आश्रय दिलेले उस्ताद अल्लादियाखाँ हे जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक. त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण मागे राहिलेले नाही. जगातला सर्वांत महाग स्पीकर आणला तरी कोल्हापूरच्या संगीताचा हा केंद्रबिंदू त्याला वाजवता येणार नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचे गाणे आहे, पण ते ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरचे. त्या तबकड्यांत साधारण पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचे फार काही उतरत नसे, आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे. वीस हजार हर्ट्झच्या पुढे झेपावणारा हिऱ्याचा ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा पडदा) इथे फक्त तबकडीची खरखर अधिक स्पष्ट करील. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात धाडलेल्या सुवर्ण तबकडीत केसरबाईंची भैरवी निवडली गेली, ती काही ध्वनिमुद्रणाच्या श्रीमंतीमुळे नव्हे. खर्जाचेही तसेच. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर लागते. डग्ग्याचे घुमणे त्याच्याच आगेमागे. पाश्चात्त्य चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनचा सर्वांत लांब पाइप १६ हर्ट्झपर्यंत जातो, त्याच्यासाठी कोट्यवधींची पेटी परवडली तर घ्यावी. ख्यालाच्या मैफलीला ५० हर्ट्झपर्यंत स्वच्छ उतरणारा स्पीकर पुरतो. सिनेमा पाहायचा, नवे इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकायचे, तर खाली उतरावे लागते हे कबूल; पण तिथेही एका राक्षसी जोडीपेक्षा दोन किंवा चार बेताचे सबवूफर खोलीत वेगवेगळ्या जागी मांडल्याने खर्ज जास्त समतोल होतो, कारण ते खोलीच्या फुगवट्यांना एकमेकांविरुद्ध उभे करतात.

एक प्रतिवाद मात्र मला गंभीर वाटतो. मिरजेत आजही तानपुरे हाताने घडतात. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. उत्तम तानपुऱ्याला आपण आनंदाने जास्त पैसे मोजतो, कारागिराच्या हाताला किंमत आहे म्हणतो. मग स्पीकरच्या कारागिराने काय घोडे मारले? फरक कामाच्या स्वरूपात आहे. मिरजेचा कारागीर घोडीवर कानस चालवतो, तारेखालचा दोरा केसभर सरकवतो आणि जवारी खुलवतो. तारेतून सुरांची जी झुंबरे निघतात ती त्या हाताने नव्याने निर्माण केलेली असतात. दोन तानपुरे एकसारखे बोलत नाहीत आणि बोलूही नयेत. स्पीकरने यातले काहीच करायचे नसते. त्याच्याकडे जे आले ते जसेच्या तसे सोडायचे. ज्या स्पीकरला स्वतःचा ‘गोडवा’ आहे तो तानपुऱ्यालाही तो गोडवा लावतो, हार्मोनियमलाही आणि बातम्या देणाऱ्यालाही. म्हणजे कारागिराचा हात ऐकू येणे हा वाद्यात गुण आहे आणि स्पीकरमध्ये दोष. हाताने घडवलेल्या पेटीच्या कौतुकाला माझा विरोध नाही. ते कौतुक घडणावळीच्या ओळीत लिहावे, आवाजाच्या नको.

मग उरतो तो माणूस, ज्याला हे सगळे सांगितले तरी म्हणतो, ‘मला आनंद मिळतो, तुमच्या पोटात का दुखतंय?’ दुखत नाही. दिवाणखान्यातली देखणी वस्तू पाहून गाणे जास्त गोड लागते, हा अनुभव खोटा नाही. १९९४ च्या प्रयोगाने तो सिद्धच केला म्हणायचा. फक्त हा आनंद दुसऱ्याला सल्ला म्हणून देता येत नाही. नोकरीतला बोनस आणि बँकेचे कर्ज घालून ‘खरा आवाज’ शोधत निघालेल्या तरुणाला जेव्हा दुकानदार सांगतो की तुम्ही अजून शिडीच्या खालच्या पायरीवर आहात, तेव्हा त्याला कुणीतरी ही शिडी कुठे टेकली आहे ते दाखवायला हवे.

शिडीचे दुसरे टोक आपल्या महाद्वार रोडवर आहे. विसर्जन मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंती आणि कोट्यवधींचे घरगुती स्पीकर एकमेकांचे शत्रू समजले जातात, पण दोघांचा समज एकच: जास्त म्हणजे चांगले. एकाकडे जास्त वॅट, दुसऱ्याकडे जास्त रुपये. पोलीस वर्षानुवर्षे डॉल्बीमुक्त मिरवणुकीचे आवाहन करतात, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे, आणि तरी मिरवणुकीत छातीची फासळी हलते. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास काम हा कानाच्या सुरक्षिततेचा एक प्रचलित हिशेब. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात. या अत्याचारात आधी जातो तो ४,००० हर्ट्झच्या आसपासचा पट्टा, म्हणजे ज्यात व्यंजनांची धार आणि तानपुऱ्याची चमक असते. वयाने वरचे सूर गळतात ते वेगळेच; साठीच्या माणसाला १२ हजार हर्ट्झच्या वरचे सहसा फारसे ऐकू येत नाही, आणि चार कोटींचा स्पीकर घेण्याची ऐपत साधारण त्याच वयात येते.

तेव्हा बावड्यात कुणाला आवाजावर खरोखर पैसे खर्च करायचे असतील तर माझा क्रम असा राहील. पहिले हजार-दोन हजार बसण्याची आणि स्पीकरची जागा बदलून पाहण्यात, म्हणजे खरे तर फुकट. पुढचे दहा-वीस हजार गाद्या, पडदे आणि सतरंजीत. मग मोजमापे जाहीर झालेली एक बेताची जोडी, लाखाच्या आगेमागे, आणि गरज असेलच तर एक-दोन सबवूफर. या सगळ्याच्या आधी काही शे रुपयांत कानाची ऑडिओमेट्री करून घ्यावी. त्या आलेखावरून बोलण्याच्या आणि सुरांच्या पट्ट्यात कान कुठवर साथ देतो ते कळते, आणि दुकानदार ज्या ट्वीटरची एवढी तारीफ करतोय त्यातले किती आपल्यासाठी आणि किती घरातल्या नातवंडांसाठी, याचाही अंदाज येतो.